कष्टाचेही नियोजन हवे

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आणि मुख्यतः रब्बी ज्वारीचा. येथील शेतकरी कष्टाला कमी पडतो असे कोणी म्हणणार नाही. बी, खत, पाणी आणि औषध यांच्या नियोजनाबद्दल आपण पुष्कळ वाचतो, शिवारफेरीत ऐकतो. हेक्टरी किती किलो बियाणे, पाण्याची पाळी किती दिवसांनी, लिटरला औषध किती मिलि, हे आता बहुतेकांना पाठ असते. परंतु या सर्व निविष्ठा ज्या एका निविष्ठेच्या आधाराने शेतात पोचतात, त्या घरच्या माणसांच्या श्रमाची मात्रा मात्र कोणी ठरवत नाही. 'काम उरकेपर्यंत' हीच तिची मात्रा. युरिया जास्त पडला तर पीक लोळते हे आपण जाणतो. श्रम जास्त पडले तर काय होते, याचा हिशेब घरात कोणी आजारी पडल्यावरच मांडला जातो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, कष्ट टाळावेत असे येथे सांगावयाचे नाही. सावता महाराजांचे अरण आपल्याच माढा तालुक्यात आहे. मळ्यातील कामालाच विठ्ठलाची सेवा मानणाऱ्या या संताची समाधी शके १२१७ म्हणजे इ.स. १२९५ मधील. कामाबद्दलचा तो आदर आपल्या मातीत मुरलेला आहे. प्रश्न इतकाच, की त्या कामाला माप कोणते लावावे.

बैल होता तोवर

पूर्वी हे माप शेतकऱ्याला ठरवावे लागत नसे, ते बैल ठरवीत. खिल्लार जोडी पहाटे औताला जुंपली की ऊन तापेपर्यंत चाले. मग औत सुटे. बैल सावलीला बसून रवंथ करीत आणि औत हाकणारा गडीही न्याहारी-भाकरी करून तेथेच आडवा होई. ऊन कलल्यावर दुसरी जुंपणी. दिवसाकाठी बैलजोडीचे काम साधारण सहा तासांचे. त्याहून अधिक राबविले तर दुसऱ्या दिवशी जोडी उठत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असे. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळण्याची आपली चाल आहे. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी लावतात. जनावराच्या थकव्याची इतकी दखल घेणारा समाज माणसाच्या पाठीची दखल घेण्यात मात्र मागे राहिला.

त्या काळची शेती सुखाची होती असेही समजू नये. वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर रुंदीच्या तासाने एक एकर नांगरावयाचे तर नांगरामागे जवळजवळ २० किलोमीटर चालावे लागते. हे साधे गणित आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, त्याला तासाच्या रुंदीने भागावे. ट्रॅक्टरने ही पायपीट संपविली, ती पुन्हा यावी असे कोणीही म्हणणार नाही. पण ट्रॅक्टर, विजेचा पंप आणि इंजिनावरचा फवारणी पंप यांना दुपारी सावली लागत नाही. दिवा लावून रात्रीही नांगरट चालते. यंत्राने जे तास वाचविले ते घरी आले नाहीत. ते उसाच्या वाढीव क्षेत्रात, डाळिंबाच्या बागेत आणि तिसऱ्या पिकात गेले. उत्पन्न वाढले हे चांगलेच झाले. मात्र बैलाबरोबर दुपारची विश्रांतीही गोठ्यातून निघून गेली, आणि तिच्या जागी काय आणावयाचे याचा विचार राहून गेला.

शरीराची ताकद किती?

शेती अवजारांच्या अभ्यासात एका धडधाकट माणसाची दिवसभर टिकणारी ताकद सुमारे एक दशांश अश्वशक्ती धरतात. म्हणजे पाच अश्वशक्तीची मोटर पन्नास माणसांच्या ताकदीने पाणी फेकत असते. उसाला किंवा कांद्याला दारे धरणारा गडी या पन्नासांच्या मागे एकटा धावत असतो. तो रात्री दमतो यात नवल नाही.

आपले काम आपल्या शरीराला झेपते की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. हातात घड्याळ असले म्हणजे झाले. जड काम थांबवून खाली बसावे. बसल्यानंतर पहिला अर्धा मिनिट जाऊ द्यावा आणि पुढील अर्ध्या मिनिटात मनगटावरील नाडीचे ठोके मोजून त्याची दुप्पट करावी. नंतर अडीच ते तीन मिनिटे या अर्ध्या मिनिटात पुन्हा तसेच मोजावे. पहिला आकडा ११० किंवा त्याहून कमी असेल आणि दुसरा त्याहून निदान १० ने उतरला असेल, तर कामाची गती शरीराला मानवते. नाडी उतरत नसेल तर काम फार जड आहे, ऊन फार आहे, किंवा मधली विश्रांती अपुरी आहे. ज्याच्या अंगात रक्त कमी आहे त्याची नाडी त्याच कामाला अधिक धावते. छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप ही लक्षणे असतील तर नाडी मोजत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

विश्रांती कशी घ्यावी, हेही महत्त्वाचे आहे. सलग चार तास खोदकाम करून मग तासभर पडण्यापेक्षा दर तासाला दहा मिनिटे बसणे शरीराला अधिक मानवते. थकवा सरळ रेषेत वाढत नाही, शेवटी शेवटी तो झपाट्याने चढतो आणि मग तासाभराच्या पडण्याने उतरत नाही. बागायतदारांना हे लवकर समजेल. मुरमाड जमिनीला एकदम भरपूर पाणी दिले तर ते निचरून जाते, थोडे थोडे पण वारंवार दिले तर मुळांना लागते.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात जड काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. तहान लागण्याची वाट पाहिल्यास उशीर होतो. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. घाम फार गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्यावे. चमचा चहाचा घ्यावा. आजारातून उठलेल्या किंवा बऱ्याच दिवसांनी शेतात उतरलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच पुरे काम देऊ नये. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. उन्हात काम करणारा असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

वेळेवरचे एक काम

कष्ट किती केले यापेक्षा ते केव्हा केले, यावर कोरडवाहू शेतीत उत्पन्न ठरते. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे आणि त्याचे बरेचसे सार ओल टिकविण्यात आहे. रब्बी ज्वारीच्या कोळपण्या पाहा. पहिली कोळपणी पीक तीन आठवड्यांचे असताना फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने करावी, अशी शिफारस आहे. तिसऱ्या कोळपणीत तण काढणे हा मुख्य हेतू नसतो. काळ्या जमिनीला भेगा पडू लागलेल्या असतात, त्या मातीने बुजवून ओल धरून ठेवणे हा हेतू असतो. हीच कोळपणी पंधरा दिवस उशिरा केली तर श्रम तेवढेच पडतात, पण ओल तोवर उडून गेलेली असते. मग त्या रानात आणखी चार दिवस घाम गाळला तरी ती परत येत नाही.

दोन चाड्यांच्या पाभरीचेही असेच. बी आणि खत एकाच वेळी पेरले जाते, एक फेरा वाचतो आणि खत बियाण्याजवळ ओलीत पडते. अशी कामे आधी निवडावीत. उलट काही कामे आपण केवळ चालत आली म्हणून करतो. ठिबकवरच्या बागेत दोन ओळींमधला कोरडा पट्टा हाताने खुरपून अंगणासारखा लख्ख ठेवणे हे त्यातलेच एक. तेथे तण कापून त्याचेच आच्छादन केले तर भागते. शेजारी नावे ठेवतात म्हणून खुरपणी होते असे मला अनेकदा दिसते. शेजाऱ्याच्या नजरेसाठी कंबर मोडून घेणे परवडणारे नाही.

घरच्या बाईचा दिवस

श्रमाच्या हिशेबातील सर्वांत मोठी चूक येथे होते. 'घरची दोन माणसे, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ५० मनुष्यदिन' असे धरून आपण पीक निवडतो. पण केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले, की घरकाम करणारी स्त्री त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे जवळजवळ पाच तासांचे काम करून ती शेतात येते. तिचा शेतातला दिवस अर्धाच धरावयास हवा. मग हाती ५० नव्हे, तर ३७-३८ मनुष्यदिन राहतात. उरलेले बारा-तेरा दिवस ती झोपेतून आणि जेवणातून भरून काढते. बाग अंगावर येते असे आपण म्हणतो, ती बहुधा पहिल्यांदा तिच्या अंगावर येते.

घरच्या श्रमाला किंमत नाही असेही नाही. केंद्राचा कृषिमूल्य आयोग पिकाचा उत्पादनखर्च काढताना प्रत्यक्ष रोख खर्चात कुटुंबाच्या मजुरीची किंमत मिळवितो. सरकारी हिशेबात जी मजुरी धरली जाते, ती आपल्या वहीत मात्र नसते. ती एक वर्ष लिहून पाहावी. पुष्कळ 'फायद्याची' पिके घरच्या मजुरीवर उभी असल्याचे आढळेल.

आहाराचेही तसेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३,४७० आणि स्त्रीला २,७२० किलोकॅलरी ऊर्जा लागते. पण घरात ती शेवटी जेवते. भाजी संपलेली असते, भाकरी आणि चटणीवर भागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. अशा अंगाने खुरपणी करणाऱ्या बाईला 'हात चालव' म्हणणे म्हणजे तेल नसलेले इंजिन ओढण्यासारखे आहे. हुलगा, मटकी, शेंगदाणा आणि पालेभाजी तिच्या ताटात आधी पडावी, जेवणावर लिंबू पिळावे. जेवणाबरोबरचा चहा टाळावा, कारण त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. रक्ताची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

अवजारांच्या बाबतीत एक गोष्ट खटकते. नांगरट, पेरणी, फवारणी ही पुरुषांची कामे होती, त्यांना यंत्रे आली. खुरपणी बाईची, आणि तिचे खुरपे आजीच्या काळात होते तेच आहे. उकिडवे बसून दिवसभर सरकत खुरपल्याने गुडघे आणि कंबर दोन्ही जातात. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे चालविल्यास उभ्याने काम होते आणि हाताने खुरपण्यापुरता ओळीतला अरुंद पट्टा उरतो. कापणीला दातेरी विळा वापरावा, त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. ही अवजारे फार महागही नाहीत. घरात पुढची वस्तू विकत घेताना ती कोणाच्या कामाची आहे, एवढे एकदा विचारावे.

श्रमाला माप नसले म्हणजे गोष्ट कोठवर जाते, हे आपल्याच शिवारात ऊस तोडायला येणाऱ्या बायकांकडे पाहून कळते. खाडा झाला तर उचलीतून पैसे कापले जातात, म्हणून पाळीच्या दुखण्यातही कोयता थांबत नाही. बीड जिल्ह्यात अशा हजारो स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे उघड झाले आणि २०१९ मध्ये राज्य शासनाला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. कोयत्यांच्या टोळ्या आपल्या बांधावर उतरतात तेव्हा पिण्याचे पाणी, सावली आणि आडोसा एवढे तरी ऊस उत्पादकाने द्यावे.

रात्रीची लाईट

शेतीपंपाला दिवसा वीज देण्यासाठी २०१९ मध्ये पीएम-कुसुम आणि २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. ज्यांच्या फीडरला दिवसा वीज आली त्यांचे जागरण थांबले आहे. ज्यांची पाळी अजून रात्री येते त्यांनी काही पथ्ये पाळावीत. दारे धरायला एकट्याने जाऊ नये. पायात गमबूट, हातात बॅटरी आणि काठी असावी. वस्तीवर जमिनीवर अंथरूण टाकू नये, कारण मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिच्या दंशाची खूण बऱ्याचदा दिसतही नाही. साप चावल्यास चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यात वेळ घालवू नये. चावलेला अवयव हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य दुसऱ्या दिवशीचे आहे. रात्र जागलेल्या माणसाने ट्रॅक्टर, कडबाकुट्टी आणि मळणी यंत्र यांना हात लावू नये. मळणी यंत्रात हात जाण्याचे अपघात इतके झाले, की १९८३ मध्ये केंद्राला धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तोंडाला सुरक्षित लांब घमेले नसलेले यंत्र भाड्याने आणू नये. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात किंवा एक पाय गमावल्यास १ लाख रुपये मिळतात. रात्रीत खळे उरकण्याची घाई त्या रकमेशी ताडून पाहावी. फवारणीचेही तसेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. डाळिंब आणि द्राक्षांवरही आपण वारंवार फवारतो. भर उन्हात आणि उपाशीपोटी फवारू नये, आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नयेत. ते धुणाऱ्या हातांनाही औषध लागते.

झाडाला विश्रांती, घरालाही

डाळिंब बागायतदार बहार संपल्यावर बागेला तीन-चार महिने विश्रांती देतात, खते देऊन झाड भरू देतात, मग ताण देतात. वर्षात दोन बहार ओढले तर बाग लवकर संपते हे सांगोल्यात कोणाला सांगावे लागत नाही. घराच्या बाबतीत हाच हिशेब करता येतो. हस्त बहार, ऊस लागण आणि कांदा एकाच महिन्यात घरच्या दोन माणसांवर टाकू नयेत. सावडीची पद्धत काही गावांत अजून टिकून आहे. चार घरांनी एकमेकांकडे पाळीने काम केले तर काम लवकर उरकते आणि गप्पाही होतात. त्या गप्पांचे मोल कमी नाही. कर्ज, पाऊस आणि बाजारभाव यांनी मन खचते तेव्हा माणूस आधी बोलणे बंद करतो. घरात असे कोणी दिसले तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो, मराठीतही.

आता ज्वारीच्या काढणीविषयी, कारण आपल्याकडे माणसांची सर्वांत मोठी ओढाताण तेव्हाच होते. सगळी मालदांडी एकदम पिकते, मजूर मिळत नाहीत, ताटे उपटून हात सोलतात, आणि दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर मुलामुलींना शाळेतून काढून रानात उभे केले जाते. हे टाळण्याची तजवीज पेरणीतच करावी लागते. पेरणीचा काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असा महिनाभराचा आहे. हलक्या रानात फुले अनुराधा आधी पेरावी, ती १०५ ते ११० दिवसांत तयार होते. मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारी जमिनीत फुले वसुधा, ही त्यानंतर. २० सप्टेंबरला पेरलेली अनुराधा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास काढणीला येते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील वसुधा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या आरंभी, आणि १० ऑक्टोबरची मालदांडी फेब्रुवारीच्या मध्यास. एकाच आठवड्यात अंगावर येणारे काम पाच-सहा आठवड्यांत विभागले जाते. मजूर सांगताना आणि सावडीची पाळी ठरविताना या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात, आणि त्यांच्या शेजारी मुलांच्या पेपरच्या तारखाही.